तळव्याखालचा पत्रा

माझा मामा गाड्यांचे पोचे काढायचा. ठोकर बसून चेपलेला दरवाजा, आत गेलेलं बॉनेट, मुडपलेलं मडगार्ड त्याच्याकडे यायचं आणि त्याच्या हातून पुन्हा होतं तसं होऊन जायचं. त्याला 'सपाट' हा शब्द आवडायचा नाही. "गाडीत सपाट काही नसतं," तो म्हणायचा. "प्रत्येक दरवाज्याला थोडंसं पोट असतं. ते पोट परत आणायचं. नुसतं सपाट करायचं तर रोडरोलर आहे की."

गॅरेजमध्ये सगळे त्याला इस्त्री म्हणत, कारण पत्र्यावर तो एक सुरकुती ठेवत नसे. त्याचा स्वतःचा शर्ट मात्र कायम चुरगळलेला. मामी म्हणे, "बाहेर इस्त्री आणि घरात बोळा."

शिकण्यासाठी मी तीन वर्षं त्यांच्याकडे राहिले. कॉलेजचा रस्ता गॅरेजवरून जायचा, त्यामुळे मामाचं काम मी पुष्कळदा पाहिलं. उजव्या हातात हातोडी, डाव्या हातात पत्र्याच्या मागून धरलेला लोखंडी ठोकळा. बाहेरून टोला, आतून ठोकळ्याचा आधार. टोले मोठे नसत. दाराबाहेर उभं राहिलं की वाटे, आत कोणीतरी सावकाश अक्रोड फोडतंय.

मग तो हातोडी खाली ठेवी, खिशातून फ्लॅनेलचा जुना तुकडा काढून पत्र्यावर पसरी, त्यावर पंजा ठेवी आणि डोळे मिटून घेई. हात लांबवर जाई, परत येई, पुन्हा जाई. कधी तो मध्येच थांबे आणि अंगठ्याने एक जागा दाबून ठेवी, जशी आपण वाचता वाचता ओळ धरून ठेवतो. तिथे मला काहीही दिसत नसे. घासून करडा, मंद झालेला पत्रा सगळीकडे सारखाच असे.

"तुला दिसतं का काही?" मी एकदा विचारलं.

"दिसत असतं तर डोळे कशाला मिटले असते? डोळा भोळा असतो. रंगाने फसतो, उजेडाने फसतो. हाताला फसवायला पत्र्याला फार कष्ट पडतात."

"आणि कापड कशाला?"

"नुसता हात पत्र्याला चिकटतो. घासल्याचाच गोंगाट होतो. कापड घातलं की गोंगाट जातो आणि उंचसखलपणा तेवढा उरतो."

हात फिरवून समाधान झालं की तो कापडाची घडी करून खिशात घाली. तेवढीच खूण. शेजारच्या पडद्याआड बसलेला रंगारी उठे, तोंडावर मास्क चढवी आणि स्प्रे गन उचले. बावीस वर्षांत त्याने एकदाही 'झालं का?' असं विचारलं नव्हतं. "इस्त्रीचं कापड खिशात गेलं की माझा विषय सुरू," तो सांगे. "माझी बायकोसुद्धा माझ्यावर एवढा विश्वास ठेवत नाही."

"तिने तुला बघितलंय," मामा म्हणे.

मामा बावन्न वर्षांचा झाला त्या वर्षी, एका गुरुवारी, तो एकाच पायात चप्पल घालून घरी आला.

"दुसरी कुठं दान केलीत?" मामीने विचारलं.

मामाने खाली पाहिलं. दुसऱ्याच कोणाचा पाय आपल्या घरात आलाय, असा त्याचा चेहरा झाला. "पडली असेल कुठेतरी."

"पडली असेल? पायातली चप्पल जाते आणि माणसाला कळत नाही?"

"विचारात होतो."

"कसल्या एवढ्या?"

"तुझ्याच."

मामी हसली आणि प्रकरण तिथेच मिटलं. चप्पल मला कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानासमोर सापडली. तिथून घर चांगलं दोनशे पावलांवर होतं.

पुढच्या महिन्यात तो बेसिनपाशी पडला. तोंडाला साबण लावला होता, डोळे मिटलेले होते, आणि तो उभाच्या उभा कपाट कलंडावं तसा दारावर कलंडला. फार लागलं नाही. "फरशी ओली होती," तो म्हणाला.

"माझी फरशी कोरडी होती," मामी म्हणाली. तिच्या दृष्टीने पडण्यापेक्षा हा आरोप मोठा होता.

त्याच सुमारास एकदा आम्ही दोघं बाजारातून पायी येत होतो आणि मामा म्हणाला, "हल्ली रस्ते मऊ झालेत गं. गादीवरून चालल्यासारखं वाटतं." मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन मी ते वहीत लिहून ठेवलं. मामाला काय होतंय, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग ती काळी गाडी आली. एका निवृत्त मुख्याध्यापक बाईंची. मागच्या दारावर खांबाने लांबलचक पोचा पाडला होता. काळा रंग म्हणजे गॅरेजवाल्यांची परीक्षा. पांढऱ्या रंगात खपून जातं ते काळ्यात आरशासारखं उघडं पडतं. मामाने दोन दिवस काम केलं. कापड फिरवलं, घडी करून खिशात घातलं. रंगाऱ्याने रंग मारला, त्यावर चकाकीचा पारदर्शक थर दिला. बाई येऊन गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या.

मी तेव्हा मामाचा डबा द्यायला गेले होते. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त गाडी आत घ्यायला लावली, ट्यूबलाइटखाली तिरकी उभी केली आणि मामाला म्हणाल्या, "इथून बघा."

दारात ट्यूबचं प्रतिबिंब पडलं होतं. पुढच्या दारात ती सरळ रेघ होती. मागच्या दारात शिरली की रेघ ढिल्या दोरीसारखी लोंबत, वळत जायची.

"याला लाटा आल्यात," बाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं मुलांच्या वह्यांतल्या समासाच्या रेघा बघितल्यात. मला सरळ काय ते कळतं."

मग रंगारी पुढे झाला. "माझी चूक आहे बाई. गनचं प्रेशर कमीजास्त झालं."

हे खोटं होतं आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. रंगाने लाटा येत नाहीत. त्या पत्र्यात असतात, रंग नुसती चहाडी करतो. मालक, जो मामापेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि त्याला काका म्हणायचा, त्याने मामाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मामा दारापाशी गेला. त्याने कापड न घेताच हात ठेवला, डोळे मिटले आणि हात फिरवला. नंतर त्याने मला सांगितलं ते असं: "मला दिसत होतं की लाटा आहेत. आणि हात म्हणत होता, नाहीत. एवढं काचेसारखं दार मी आयुष्यात केलं नाही, असं हात म्हणत होता."

दार पुन्हा खरवडून, ओलं करून, त्यावर पडलेल्या उजेडाच्या रेघा नजरेने बघत बघत त्याने नीट करून दिलं. बाई गाडी घेऊन गेल्या. पण त्या दिवशी मामा डबा न उघडताच घरी घेऊन आला.

त्याने कोणाला काही सांगितलं नाही. स्वतःची परीक्षा मात्र घेतली, आणि ती त्याच्याच पद्धतीने. उकळत्या चहाचा पेला मुठीत धरला, चटका बसला. तारेचं टोक बोटात टोचलं. हात झटकन मागे आला. दोन्ही गोष्टी त्याने दहाही बोटांवर करून पाहिल्या. पत्र्याच्या कामात हाताचे शत्रू दोनच, धार आणि धग. ज्या हाताला ही दोन्ही कळतात तो हात चांगला, असं त्या धंद्यातला प्रत्येकजण मानतो. म्हणजे हात चांगला होता. मग खोट कुठे होती? मामाने निष्कर्ष काढला की खोट मनात आहे. आपलं कामातलं लक्ष उडालं, आपण ढिले झालो, माजलो. तो स्वतःवर रागावून राहू लागला. पूर्वी एका दाराला तो तीन वेळा हात फिरवायचा, आता तीस वेळा फिरवू लागला. तीस वेळा हात तेच सांगायचा, सगळं ठीक आहे. आणि कापड खिशात घालावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

"रिकाम्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखं," तो पुढे एकदा म्हणाला. "ओढून काढतोय, काढतोय, आणि वर काही येत नाही."

या सगळ्याचा उलगडा मामीने केला. ती पडद्याच्या कापडाच्या दुकानात कामाला होती. गठ्ठ्यात हात घालून, न बघता, हवं ते कापड काढणारी बाई. एका सकाळी तिने पाहिलं की मामा आरशासमोर उभा राहून शर्टाची बटणं लावतोय. इतक्या वर्षांत तो आरशासमोर दाढीपुरताच उभा राहायचा.

"आज काय, फोटो काढायचाय?" ती म्हणाली.

तो वळला. वळता वळता नजर बटणावरून उठली आणि बोटं तिथल्या तिथे हरवली. काजाच्या आजूबाजूला चाचपडत राहिली. मामीने ते पाहिलं. ती जवळ आली.

"डोळे मिटा."

"अगं, उशीर होतोय."

"मिटा म्हणते ना."

त्याने डोळे मिटले. मामीने कडीवरची कपाटाची किल्ली काढून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि त्याची मूठ बंद केली.

"काय आहे हातात?"

मामाने मूठ दाबली, बोटं हलवली. "गार आहे," तो म्हणाला.

"गार आहे ते कळलं. आहे काय?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्याची बोटं त्या किल्लीभोवती फिरत होती. दात्यांवरून, भोकावरून, पुन्हा दात्यांवरून. पंचवीस वर्षं त्या किल्लीने ते कपाट उघडलं जात होतं.

"गार आहे," त्याने पुन्हा म्हटलं, आणि डोळे उघडून मुठीत पाहिलं.

मामीने किल्ली जागेवर टांगली. "आज गॅरेजला जायचं नाही," ती म्हणाली.

नसांच्या डॉक्टर ठेंगण्या आणि घाईने बोलणाऱ्या होत्या. मी आणि मामी दोघीही आत गेलो. त्यांनी मामाला डोळे मिटायला लावले. कापसाने पायाला स्पर्श केला, मग सुईने हलकं टोचलं. दोन दातांचा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून, तो घुमत असतानाच घोट्याच्या हाडावर ठेवला.

"घुमतंय का?"

"काय?"

"थरथर जाणवतेय का?"

"मशीन बंद आहे ना?" मामाने विचारलं. काट्याची टोकं थरथरताना मला खुर्चीतूनही दिसत होती.

मग त्यांनी त्याच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून किंचित हलवला आणि विचारलं, "अंगठा कुठे वळलाय? छताकडे की जमिनीकडे?"

"छताकडे," मामा म्हणाला. अंगठा जमिनीकडे होता. पुढच्या चार वेळा त्याने दोनदा बरोबर सांगितलं आणि दोनदा चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. शेवटी त्यांनी त्याला पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर तो ठीक होता. मिटल्याबरोबर झुलायला लागला आणि डॉक्टरांनी त्याला सावरलं.

"फरशी कोरडी आहे," मामी हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि चार दिवसांनी पुन्हा बोलावलं. मामाच्या शरीरात एका जीवनसत्त्वाची फार कमतरता होती. खाण्यात उणीव नव्हती. त्याचं पोटच ते शोषून घेत नव्हतं. ते कमी पडलं की काही नसांची वरची वेष्टनं झिजतात.

"वायरचं कव्हर," मामा म्हणाला.

"बरोबर. पण सगळ्या वायरी नाहीत. चटका आणि टोचणं सांगणाऱ्या नसा बारीक असतात, त्यांचा रस्ताही वेगळा. त्या शाबूत आहेत. स्पर्श आणि हालचाल सांगणाऱ्या नसा जाड, त्यांच्यावर कव्हरही जाड. ते गेलंय."

मामा म्हणाला, "म्हणजे मी चहाचा पेला धरून भलत्याच वायरी तपासल्या."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मामीने सगळं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पत्रा हाताने तपासता? डोळे मिटून? कापड घालून?" त्यांची घाई कुठल्या कुठे गेली. त्यांनी मामाचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, बोटांची पेरं पाहिली, आणि मग त्या सांगू लागल्या. मामाने नंतर ते रंगाऱ्याला इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं.

कातडीच्या आत नसांची टोकं असतात. त्या टोकांच्या पापुद्र्यात डोळ्यांना न दिसणारी इवली दारं असतात. पत्र्याने कातडी दाबली की पापुद्रा ताणतो, तो ताणला की दार उघडतं, आणि त्या उघडण्यातून विजेचा एक कण निघतो. तो कण म्हणजे स्पर्श. सगळी टोकं सारखी नसतात. काही दाब आहे तोवर बोलत राहतात. काही फक्त बदल सांगतात, हात सरकला, थरथरला, कड लागली की. हात थांबला की गप्प. "म्हणून तुम्ही हात फिरवता," डॉक्टर म्हणाल्या. "नुसता ठेवून तुम्हाला अर्धीच बातमी मिळेल."

"आणि अंगठ्याचं काय?" मामाने विचारलं. "तो वर आहे की खाली, हे कोण सांगतं? तिथे तर काही टेकलेलं नसतं."

"स्नायू सांगतात. त्यांच्या आत नसांचे वेटोळे असतात. स्नायू ताणला की तेही ताणतात. सांध्यांतूनही बातमी येते. डोळे मिटले तरी हात कुठे, पाय कुठे, कोपर किती वाकलंय, हे आपल्याला असंच कळत असतं. दिवसभर, न विचारता. पायाच्या अंगठ्यापासून निघालेली बातमी मानेच्या वरपर्यंत एकाच पेशीतून जाते. पेशीचं घर पाठीच्या कण्याजवळ, एक फाटा खाली अंगठ्यापर्यंत, दुसरा वर मानेपर्यंत."

"एकच? एवढी लांब?"

"एकच. मध्ये जोड नाही."

"मग वेल्डिंगचा प्रश्नच नाही," मामा म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी आम्ही तिघंही आलो होतो. "हात परत येईल का?"

"इंजेक्शनं द्यायची, कायमची. झीज थांबेल हे नक्की. गेलेलं किती परत येईल, ते मी आज सांगू शकत नाही. लवकर आला असतात तर जास्त सांगता आलं असतं. पाय बहुतेक सुधारतील. बोटांचं..." त्यांनी मामाचा हात अजून सोडला नव्हता. "या बोटांना इतरांपेक्षा जास्त कळत होतं. त्यामुळे तुम्हाला कमी पडलेलंही जास्त कळेल."

मामाने मान हलवली. त्या वाक्यात दिलासा नव्हता, पण त्याच्या कामाची किंमत होती.

इंजेक्शन द्यायला गल्लीतली नर्स यायची. पहिल्या सुईला मामा ओरडला आणि म्हणाला, "ही वायर फारच शाबूत आहे." मामीने त्याच्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या आणि नाडीचे बूट आणले. चालताना त्याने खाली बघायचं, असं ठरलं. तो रस्त्यातून मान खाली घालून चालू लागला तेव्हा लोकांना वाटलं, त्याचं काही हरवलंय.

गॅरेजमध्ये मालकाने त्याला बंपर काढण्या-बसवण्याचं काम दिलं. नटबोल्ट डोळ्यांना दिसतात. पोचे काढायचं काम दुसऱ्या कारागिरांकडे गेलं, आणि त्यांचं काम तपासायला रंगारी दुसरी युक्ती करू लागला: प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या थरावर, गडद रंगाचा विरळ फवारा मारायचा आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं. उंच जागेचा रंग आधी निघतो, खोलगट जागी तो राहतो. युक्ती जगभर सगळे वापरतात. मामा असताना तिची गरज पडली नव्हती, एवढंच. पहिल्यांदा ती करताना रंगाऱ्याने पडदा ओढून घेतला.

"पडदा कशाला?" मामा बंपरखालून म्हणाला. "मी काय तुझी सासू आहे?"

"उजेड जास्त येतो."

"पडदा ओढल्यावर?"

रंगाऱ्याने पडदा उघडला.

घरी पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. पाचव्या महिन्यात मामाने तिचं झाकण काढलं, हातोडीने दोन-चार ठिकाणी मुद्दाम वाकवलं आणि ते पोचे पुन्हा काढत बसला. संध्याकाळी मामी कामावरून आली की तिला झाकणापाशी बसवायचं. आधी त्याने डोळे मिटून सांगायचं, मग तिने हात फिरवायचा.

"इथे खाली गेलंय," तो म्हणे.

"कुठे? हं... इथे? इथे काही नाही."

"कापड घे ना. कापड घेतल्याशिवाय कसं कळेल?"

"अहो, कापडातच माझा जन्म गेला. मला शिकवू नका. खाली गेलंय ते इकडे, चार बोटं अलीकडे."

सुरुवातीला तो बहुतेक वेळा चुके. कधी चुकल्यावर रागावून झाकण भिंतीला टेकवून ठेवी आणि दोन दिवस हात लावत नसे. तिसऱ्या दिवशी मामीच ते ओढून मध्ये आणी. हातात मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की मुंग्या येणं बरं लक्षण असू शकतं. पाय खरोखर सुधारले. सातव्या महिन्यात तो साबण लावून, डोळे मिटून बेसिनपाशी उभा राहिला. मामी पाठीमागे दोन्ही हात पुढे करून उभी होती, हे त्याला माहीत नव्हतं. घुमणारा काटा गुडघ्यावर कळू लागला, मग घोट्यावर. हातांचं मात्र निराळंच झालं. डावा पुष्कळ परत आला. उजवा, ज्या हाताने मामाने सगळं आयुष्य पत्रा वाचला, तो मागे राहिला. त्याला मोठं कळे, बारीक कळत नसे.

"डाव्याने वाच की मग," मी म्हटलं.

"वाचतोय. पण डावा अडाणी आहे. त्याला कळतं आणि त्याचा अर्थ लागत नाही." त्याने डावा पंजा उघडून माझ्यासमोर धरला. "बावीस वर्षं हा नुसता ठोकळा धरून उभा होता."

माझी शेवटची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी निरोप घ्यायला गॅरेजमध्ये गेले. दुपारची वेळ होती. एका पांढऱ्या व्हॅनची बाजू मामाकडे होती. बारा महिन्यांनी मालकाने त्याला पहिल्यांदा पोच्याचं काम दिलं होतं. गाडीवाला संध्याकाळी यायचा होता. मालक घड्याळ बघत होता, रंगारी मास्क गळ्यात घालून तयार होता. मामाने कापड पसरलं, डावा हात ठेवला, डोळे मिटले. हात पुढे गेला, मागे आला. एका जागी थांबला. पुन्हा मागे जाऊन त्याच जागी थांबला.

"काका, मारू दे का प्रायमर?" मालकाने विचारलं.

मामाने डोळे उघडले नाहीत. मालक म्हणाला, "पांढरीच आहे. कळणार नाही कोणाला."

आपल्या माणसाला अशा वेळी बघणं फार अवघड असतं. मला वाटत होतं, त्याने कापडाची घडी करून खिशात घालावी आणि सगळ्यांची सुटका करावी. हात परत आला, असं म्हणावं आणि आम्ही तो आनंद घेऊन घरी जावं.

"इथे काहीतरी आहे," मामा म्हणाला. "उंच आहे की खोल, ते मला कळत नाही."

इतक्या वर्षांत त्याने हे वाक्य गॅरेजमध्ये उच्चारलं नव्हतं. मालक फोन काढून बाहेर गेला. 'उद्या सकाळी' एवढे शब्द आम्हाला ऐकू आले. रंगाऱ्याने मास्क काढला, एक उलटी बादली ओढली आणि व्हॅनशेजारी बसला.

"फवारा मारून दाखवू? दोन मिनिटांत कळेल."

"थांब."

मामाने हातोडी उजव्या हातात घेतली. ठोकळा घेतला नाही. डाव्या पंज्याची बोटं त्या जागेच्या कडेला ठेवली आणि नखाने टिचकी मारावी इतका हलका एक टोला दिला. हात फिरवला. दुसरा टोला दिला. पुन्हा हात फिरवला, या वेळी जास्त सावकाश. त्याचं डोकं एका बाजूला कललं होतं. जाड कव्हराच्या, अर्ध्या झिजलेल्या त्या लांब धाग्यांतून काय वर चढत होतं, ते त्यालाच ठाऊक. उजव्याने टोला द्यायचा आणि डाव्याने तो वाचायचा. जे एका हाताला कळत नव्हतं ते दोघं मिळून शोधत होते.

"आधीपेक्षा कमी झालं," तो म्हणाला. "म्हणजे उंच होतं."

रंगाऱ्याने हात पुढे केला, त्या जागी ठेवला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "मला काहीच कळत नाही."

"तुला कधी कळलंय?" मामा म्हणाला, आणि कापड पुन्हा सरळ करून तिसऱ्या टोल्यासाठी जागा शोधू लागला.